एकटं, जोडलेलं की मिसळलेलं?

मैत्रिणींनो, पौष पौर्णिमेला आमच्या मुरबाड तालुक्यात म्हसा गावी खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. पुरुषमंडळींचं लक्ष बैलबाजाराकडे, मुलांचं पाळण्यांकडे, आणि आपलं? आपलं भांड्यांच्या नि घोंगड्यांच्या दुकानांकडे! लोखंडी तवा, विळी, पितळेचं पातेलं, तांब्याचा हंडा, घुंगुरमाळ, मिठाईचा पुडा अशी खरेदी करत आपण फिरत असतो.

या सगळ्या वस्तू शास्त्राच्या नजरेनं पाहिल्या तर तीनच खणांत बसतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्या खणांची नावं आहेत मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पण खरा उपयोग आहे तो आपल्याला. वस्तू कुठल्या खणातली हे एकदा कळलं की तिच्यातलं काय वेगळं काढता येईल, काय काही केल्या निघणार नाही आणि कशाजवळ काय नेऊ नये, याचा अंदाज येतो. कधी कधी तर यावर घरातल्या लहान मुलांची प्रकृती अवलंबून असते. म्हणून या खेपेला हा विषय घेतला आहे. घाबरू नका, सूत्रं-बित्रं काही नाहीत! आपण आपली सोपी नावं ठेवू: एकटं, जोडलेलं आणि मिसळलेलं.

मिसळलेलं : आपल्या हातचा खण

आधी मिश्रण घेऊ, कारण त्यात आपण मुळातच तरबेज आहोत. आपल्या भाषेतलीच क्रियापदं पाहा ना! तांदूळ निवडणं, डाळ पाखडणं, पीठ चाळणं, तांदळातले खडे रोळून काढणं, चहा गाळणं, गढूळ पाणी निवळू देणं, दही घुसळून लोणी काढणं, लोणी कढवून तूप करणं. ही सगळी मिश्रणातली एक गोष्ट दुसरीपासून वेगळी करण्याची कामं. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे करतो तेच आपण सूप, चाळण आणि रवी घेऊन करत असतो. पाखडताना हलकं तूस वाऱ्यानं पुढे उडतं नि जड दाणा मागे राहतो. रोळताना पाण्याच्या हेलकाव्यानं तांदूळ पुढे सरकतो नि खडा तळाशी बसतो. चाळताना लहान-मोठेपणाचा फायदा घेतो, घुसळताना पाणी आणि स्निग्धांश एकमेकांत टिकत नाहीत याचा.

मिश्रणाची खूण अशी की त्यातल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव कायम असतो आणि प्रमाण ठरलेलं नसतं. भेळेत कुरमुरे जास्त पडले तरी ती भेळच. चहात साखर कमी-जास्त झाली तरी तो चहाच.

मात्र एका गोष्टीत आपली फसगत होते. एकजीव दिसतं ते सगळं एकच असतं असं नाही. पितळ किती एकसारखं, चकचकीत दिसतं! पण ते तांबं आणि जस्त यांचं मिश्रण आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. आपला स्टीलचा डबा म्हणजे लोखंड, क्रोमियम, थोडा कार्बन आणि पुष्कळदा निकेल. क्रोमियमचा अदृश्य पातळ थर वरून धरतो म्हणून स्टील गंजत नाही. दुधात पाणी, स्निग्धांश, प्रथिनं, साखर, क्षार सगळं आहे. एवढंच काय, आपण घेतो तो श्वाससुद्धा मिश्रण आहे! कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्यात आरगॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे.

सोन्याचंही तसंच. २४ कॅरेटचं शुद्ध सोनं एकटं, पण ते मऊ म्हणून दागिन्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, हजारात ९१६. दागिन्यावर कोरलेला ९१६ आकडा हाच. मिश्रणाचं प्रमाण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर हॉलमार्क हवा. आपल्याकडे २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. दागिन्यावर अक्षर-अंकांचा सहा खुणांचा क्रमांकही असतो, तो बिलाशी ताडून पाहत जा.

जोडलेलं : इथे चाळणी चालत नाही

आता संयुग. इथे दोन वस्तू नुसत्या शेजारी बसत नाहीत, त्यांची गाठ पडते आणि तिसरीच वस्तू जन्माला येते. तिचा स्वभाव आईवरही नाही नि बापावरही नाही!

मिठाचं उदाहरण घ्या. सोडियम नावाचा धातू सुरीनं कापता येईल इतका मऊ, पण पाण्यात पडला तर पेट घेतो, म्हणून त्याला घासलेटात बुडवून ठेवतात. क्लोरीन हा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ तो सैनिकांवर सोडला होता. हे दोघे जोडले गेले की होतं काय, तर आपल्या आमटीतलं मीठ! ना जाळ, ना विष.

पाण्याचंही तसंच आहे. हायड्रोजन जळणारा वायू, ऑक्सिजन जळायला मदत करणारा, आणि दोघांचं मिळून झालेलं पाणी आग विझवतं. शिवाय प्रमाण ठरलेलं. ९ किलो शुद्ध पाण्यात १ किलो हायड्रोजन आणि ८ किलो ऑक्सिजन, मग ते पाणी भातसा धरणातलं असो, गंगेचं असो की कुकरच्या वाफेचं. मिश्रण नि संयुग यांतला फरक नेमका हाच. भेळेला माप नाही, पाण्याला आहे.

साखरही संयुग आहे. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं. पाकाकडे दुर्लक्ष झालं की पाण्याचा अंश उडून जातो आणि तळाला काळा कोळसा राहतो, तो बहुतेक कार्बन. पांढऱ्या साखरेत तो काळा कार्बन आधीपासून होताच, पण गाठीत बांधलेला. किती चाळली असती तरी दिसला नसता. गूळ मात्र मिश्रण, कारण त्यात साखरेबरोबर पाणी आणि उसाच्या रसातली इतर द्रव्यंही असतात. म्हणून दर ढेपेची चव नि रंग वेगळा.

भाषेचीच आणखी एक गंमत पाहा. मिश्रणाची क्रियापदं निवडणं, गाळणं, पाखडणं. संयुगाच्या घरातली क्रियापदं वेगळीच: गंजणं, करपणं, नासणं, कळकणं. इथून परत फिरता येत नाही. गंजलेल्या विळीचा गंज घासून टाकता येतो, पण त्या गंजाचं पुन्हा पातं होत नाही. ते लोखंड ऑक्सिजन नि पाण्याशी जोडलं गेलं. म्हणून तवा, विळी, अडकित्ता धुऊन लगेच पुसायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. तेल काय करतं? हवा-पाण्याची आणि लोखंडाची गाठच पडू देत नाही.

एकटं : जे जळत नाही, शिजत नाही, मरत नाही

ज्याचे आणखी वेगळे घटक निघत नाहीत ते मूलद्रव्य. तांबं कितीही वितळवा, कुटा, तारेसारखं ओढा, ते तांबंच. आजवर अशी ११८ मूलद्रव्यं माहीत झाली आहेत.

आपल्या परंपरेत पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं सांगितली आहेत. त्या विचाराचा अर्थ वेगळा आहे, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण आजच्या रसायनशास्त्राच्या खणांत माती म्हणजे मिश्रण, पाणी म्हणजे संयुग, हवा म्हणजे मिश्रण, आणि जाळ ही वस्तूच नव्हे, ती घडणारी क्रिया. हे समजायला पाश्चात्त्य विद्वानांनाही वेळ लागला. फ्रान्समध्ये लव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली, तीत ३३ नावं होती. त्यांत उजेड आणि उष्णता होती, शिवाय आपला पानाला लावायचा चुनाही होता! पुढे १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या साह्यानं चुन्यातून कॅल्शियम हा धातू मोकळा केला, तेव्हा चुना संयुग ठरला. मोठमोठ्यांच्या याद्या दुरुस्त होतात, तर आपल्या मुलानं पेपरात चुना चुकीच्या खणात टाकला म्हणून त्याला फार बोलू नये!

आता या खणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. मूलद्रव्य चुलीवर नाहीसं होत नाही. जंतू उकळून मरतात, कारण ते जीव आहेत. शिसं उकळून मरत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. त्याची गाठ सुटेल, दुसऱ्याशी बसेल, पण शिसं शिसंच राहील. आणि शिसं शरीरात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची निर्धोक अशी कुठलीच मात्रा माहीत नाही.

स्वयंपाकघरात शिसं येतं कुठून? एक वाट हळदीची. हळकुंडाला झगझगीत पिवळेपणा यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट चोळतात. ते शिसं, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. हळद भाजा, फोडणीत घाला, उकळा, शिसं तिथेच! म्हणून हळकुंड घेताना फार तकाकी दिसली तर सावध व्हा. हळकुंड पाण्यात टाकल्यावर लगेच पिवळा रंग सुटू लागला तर ते घेऊ नका. रंग सुटला नाही म्हणजे शंभर टक्के शुद्ध, असं मात्र समजू नये. घरची चाचणी ती घरचीच, पक्की चाचणी प्रयोगशाळेची.

दुसरी वाट भांड्यांची. जुना-पुराणा भंगार धातू वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यांत शिसं येऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ साली अशा काही आयात भांड्यांबद्दल लोकांना सावध केलं, त्यांत आपल्याकडे हिंडालियम म्हणतात ती भांडीही होती. म्हणजे सगळीच भांडी वाईट असं नव्हे. पण बिननावाचं, जड, ओबडधोबड ओतीव भांडं केवळ स्वस्त म्हणून घेऊ नका. आयएसआय चिन्ह पाहा, आणि शंका असलेल्या भांड्यात चिंच, कोकम, टोमॅटो, ताक मुळीच शिजवू नका. आंबट पदार्थ धातूला लवकर सोडवून घेतात.

पितळ, कल्हई आणि कळकलेलं ताक

आपल्या सासवा-आज्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नसत. "कळकेल गं!" म्हणायच्या. ते अगदी शास्त्रोक्त होतं. पितळेतलं तांबं आंबटाशी जोडलं जातं आणि तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. मग मळमळ, ओकारी. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हई म्हणजे पितळेवर कथलाचा पातळ थर. नवसागरानं भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील चिकटून बसतं. कथील साधारण २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं रिकामं पातेलं जाळावर तापत ठेवू नये, थर निघून जाईल.

कल्हईवाला पूर्वीसारखा दारी येत नाही, पण मिळाला तर त्याला शुद्ध कथील वापरायला सांगा. कथलात शिशाची भेसळ असेल तर आपण तांब्याच्या हातून सुटून शिशाच्या हाती पडलो! तांब्याच्या हंड्यात पिण्याचं पाणी ठेवायला हरकत नाही. सरबत, ताक, लिंबूपाणी मात्र नको. हिरवट-निळसर डाग दिसला की तो चिंचेनं किंवा लिंबानं घासून काढा नि मग भरपूर पाण्यानं धुवा.

घोंगडीचीही जाता जाता एक युक्ती सांगते. लोकरीत कृत्रिम धागा मिसळला आहे का, हे पाहायचं असेल तर कडेचे दोन-चार सुटे धागे दुकानदाराला विचारून घ्या आणि दूर उभं राहून, चिमट्यात धरून काडीनं पेटवा. लोकर केसासारखीच प्रथिनांची, त्यामुळे केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. दोन्ही झालं तर समजा, मिश्रण आहे, आणि भाव त्याप्रमाणे करा!

मिसळता मिसळता जोडलं जातं तेव्हा

सर्वांत धोक्याची जागा ही. आपल्याला वाटतं आपण नुसतं मिसळतो आहोत, पण भांड्यात गाठी सुटतात नि नव्या बसतात. खायचा सोडा आणि लिंबू एकत्र आले की ढोकळा फुलतो, हा त्याचा गोड प्रकार. पण संडास स्वच्छ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर (गावात जिला टीसीएल म्हणतात) एकत्र आले तर क्लोरीन मोकळा होतो. होय, तोच युद्धातला! लहानशा बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. "दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ" हा हिशेब इथे उलटा पडतो. एका वेळी एकच वापरा, मध्ये भरपूर पाणी ओता, दार-खिडकी उघडी ठेवा. घशात, डोळ्यांत झोंबू लागलं तर सगळं तसंच टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत या. धुण्याच्या ब्लीचलाही हाच नियम.

चुन्याचंही तसंच. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की ते त्याच्याशी जोडलं जाताना केवढी उष्णता निघते, घर सारवताना-रंगवताना आपण पाहिलं आहे. चुन्याची पुडी दाबून लहान मुलांच्या डोळ्यांत चुना उडतो, त्यानं दृष्टी जाऊ शकते. तसं झालं तर तूप-मध काही घालू नका. लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरांकडे न्या. पुड्या-डब्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

गॅसचं सांगायला हवं. सिलिंडरमधला वायू मुख्यतः प्रोपेन नि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास नाही, म्हणून गळती कळावी यासाठी मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं संयुग मुद्दाम मिसळतात. तो वास आला तर दिव्याचं बटण लावू नका नि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं जास्त महत्त्वाचं.

पाणी : उकळलं म्हणजे झालं का?

पहिल्या पावसात आपल्या भागात विहिरीचं, नदीचं पाणी लाल गढूळ होतं. हे मिश्रण. तुरटी फिरवा, निवळू द्या, जाड कपड्यानं गाळा, माती गेली. मग चांगलं खळखळून उकळा, जंतू मेले. इथवर चूल पुरते.

पण पाण्यात विरघळलेले क्षार कपड्यातून सरळ खाली जातात आणि उकळल्यानं मरत नाहीत. उलट पाणी आटेल तसे ते दाट होतात. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडंही दुखावतात. तिथे उकळून काही उपयोग नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं अशा पाण्यासाठी नलगोंडा पद्धत काढली, तीत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर यांच्या मोजक्या मात्रेनं फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, म्हणून अंदाजानं घरी करू नये. सांगायचं ते इतकंच की पाण्यात काय आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. कूपनलिकेचं पाणी पीत असाल तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला तपासणीचा अहवाल विचारा. विचारायला संकोच कसला?

मुलांना शिकवताना

सातवी-आठवीतल्या मुलाला हा धडा असेल तर पाठांतरापेक्षा ओट्याजवळ बसवा. वाटीत मीठ आणि बारीक वाळू मिसळून द्या नि म्हणा, "कर वेगळं!" पाण्यात मीठ विरघळेल, गाळल्यावर वाळू वर राहील, पाणी उन्हात आटवलं की मीठ परत येईल. मग विचारा, "आता या मिठातला सोडियम काढून दाखव!" तो गप्प बसेल. त्या गप्प बसण्यातच संयुग म्हणजे काय ते त्याला कळेल. आयोडीनयुक्त मीठ दाखवून हेही सांगा की ते मिश्रण आहे. दुकानातल्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. दमट हवेनं, उन्हानं ते कमी होतं, म्हणून बरणीला घट्ट झाकण हवं.

तर मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आली की स्वतःला एवढंच विचारा: ही एकटी आहे, जोडलेली आहे की मिसळलेली? मिसळलेली असेल तर सूप-चाळणी-गाळणी आपल्या हातात आहे. जोडलेली असेल तर ती कोणाच्या शेजारी ठेवायची ते आधी ठरवा. आणि शिशासारखं एकटं नि वाईट काही असेल, तर ते उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नका, कारण एकदा आत आलं की आपल्या चुलीचं त्याच्यापुढे काही चालत नाही.